आधी दगड, मग ग्राइंडर: सुरी, विळा, कोयत्याला धार लावायला शिकताना

दसरा जवळ आला की आमच्या बेळगाव भागात धारेचा हंगाम सुरू होतो. खंडेनवमीला अवजारं पुजायची असतात, शेजारच्या कानडी घरात तीच आयुधपूजा. ती झाली की खानापूर भागात भातकापणी लागते, आणि तिकडं निपाणी, चिकोडी, अथणीकडं ऊसतोडीची तयारी. त्या आठवड्यात लोहाराच्या भात्यापुढं विळे, कोयते, कुऱ्हाडी ओळीनं पडलेल्या असतात आणि नंबर लागायला दोन दिवस जातात.

अशाच एका दसऱ्याला मी आमच्या घरचे पाच विळे बिघडवले. आयटीआय करून मी उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका टूलरूममध्ये नुकताच लागलो होतो. बेंच ग्राइंडर हाताखाली होता. लोहाराकडं कशाला थांबायचं म्हणून विळे पिशवीतून नेले आणि दहा मिनिटांत पाचही चकचकीत करून आणले. कागद लावला की फाटत होता. दुसऱ्या दिवशी कापणीला आलेल्या बायका दुपारपर्यंत कंटाळल्या. एक मावशी विळा माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "ह्यो इळा भात कापत न्हाई रे बाळा, उपटालाय." लोहारानं तो हातात घेतला, धारेवरचा निळसर पट्टा उन्हात धरून दाखवला आणि म्हणाला, "लोखंड जाळलास की. ह्याचं पाणी गेलं."

तेव्हापासून जे शिकलो ते इथं नव्या माणसासाठी लिहितो. घरच्या चार सुऱ्यांना धार लावायची असो की गल्लीतल्या लोकांची कामं घ्यायची असोत, माझं सांगणं एकच आहे: ग्राइंडर लोखंड काढण्यासाठी आहे आणि दगड धार लावण्यासाठी. दगड आधी शिका. दगडावर चूक हळूहळू होते, त्यामुळं ती दिसते आणि सुधारता येते. ग्राइंडरवर तीच चूक दोन सेकंदांत होऊन जाते.

पाणी गेलं म्हणजे नेमकं काय झालं

लोहार पातं लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्यानं पोलाद काचेसारखं कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून तो पुन्हा बेताची ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतो. या सगळ्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. आता हेच पातं ग्राइंडरवर जास्त तापलं, तर ही ऊब बेताबाहेर जाते आणि कडकपणा उतरतो. घासून उजळ झालेल्या पोलादावर त्याचे रंग दिसतात: 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळा, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 च्या जवळ निळा. हे अंश सेल्सियसचे. निळा रंग दिसला म्हणजे तेवढी धार मऊ पडली. त्यानंतर पाण्यात बुडवून कडकपणा परत येत नाही. पुन्हा लाल करून पाणी द्यावं लागतं, नाहीतर निळा झालेला भाग हळूहळू घासून काढून आतल्या चांगल्या लोखंडापर्यंत पोचावं लागतं.

इतकं तापतं कशामुळं, याचं गणित सोपं आहे. आपल्याकडच्या साध्या बेंच ग्राइंडरची मोटार मिनिटाला 2,800 च्या वर फेरे घेते. चाक 150 मिलिमीटरचं धरलं तर त्याची कड सेकंदाला 22 मीटर पळते. हातातला चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला पन्नास मीटरच्या वर. दगडावर आपला हात सेकंदाला अर्धा मीटरही जात नाही, शिवाय दगड ओला असतो. धारेचं टोक कागदापेक्षा पातळ असतं. तिथं साठलेल्या उष्णतेला पळायला जागाच नसते. पाठ हाताला गार लागते आणि धार जळून गेलेली असते.

दगड घेताना

कानडीत सहाणेला 'साणे' म्हणतात, तेव्हा इथल्या हार्डवेअरच्या दुकानात कुठल्याही भाषेत मागा, कळतं. 'कार्बोरंडमचा दगड' म्हणालात तर पटकन हातात येतो. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. 1891 साली अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी भट्टीत तयार केलेला हा पदार्थ कडक पोलादाला सहज घासतो. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा जोड दगड घ्या, आठ इंच लांब आणि दोन इंच रुंद. लहान दगड स्वस्त पडतो, पण त्यावर सुरीचा हात बसत नाही. घरच्या सुऱ्यांसाठी पुढं कधी 1000 नंबरचा पाण्याचा दगड घेतलात तर फारच छान. त्यापुढचे 3000, 6000 नंबर मऊ स्टेनलेसच्या सुरीवर वाया जातात. आकडा जितका मोठा तितका दगडाचा दाणा बारीक, एवढं लक्षात ठेवा.

दगड पाण्यावर वापरायचा की तेलावर, हे पहिल्या दिवशीच ठरवा. एकदा तेल मुरलं की त्यावर पाणी नीट चालत नाही. मी पाणीच सांगेन. पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबले की तयार.

खानापूरकडं अंगणात जांभ्याचे चिरे असतात आणि त्यावर विळा घासण्याचा मोह होतो. घासू नका. जांभा भोकाभोकाचा असतो, त्यावर धारेला खांडे पडतात. माझे आजोबा गारगोटी कुटून तिची बारीक वाळू लाकडी फळीवर टाकायचे आणि त्यावर विळा पाजवायचे. ती पद्धत खरी होती, कारण फळी सपाट असते आणि दाणा सुटा फिरतो. घरात काहीच नसेल तर लोणच्याची चिनी मातीची बरणी उलटी करा. तळाच्या कडेला चकाकी नसलेलं खरखरीत कडं असतं. त्यावर सुरी आठ-दहा वेळा हलक्या हातानं फिरवली तर आजचा स्वयंपाक निभावतो.

दोन दात्यांमधून सुरी ओढायची ती खिसणीसारखी यंत्रं मिळतात, ती मी कुणालाही सुचवत नाही. ती धार लावत नाहीत, लोखंड खरवडतात. वर्षभरात सुरीचा पोटाचा भाग खोल जातो आणि ती पाटावर टेकेनाशी होते.

सुरी दगडावर: पायरी पायरीनं

दगडाखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकणार नाही. दगड ओट्यावर ठेवून उभ्यानं करा. मांडी घालून बसलात तर कोन सारखा बदलतो.

पहिलं काम मार्करचं. सुरीच्या धारेच्या दोन्ही बाजूंना काळ्या मार्करनं रेघ ओढा. दगडावर तीन-चार वेळा घासून रेघ बघा. शाई फक्त वरच्या, पाठीकडच्या भागातली गेली असेल तर पाठ खाली पडली आहे, जरा उचला. फक्त अगदी टोकावरची गेली असेल तर पाठ जास्त उचलली आहे. पूर्ण पट्टीची शाई सारखी गेली तर कोन जुळला. ही युक्ती नव्या माणसाचे महिने वाचवते. मला ती कुणी सांगितली नव्हती, म्हणून आवर्जून सांगतो.

कोन किती, हा दुसरा प्रश्न. भाजीच्या सुरीला प्रत्येक बाजूनं 15 ते 20 अंश. मोजायला काही विकत आणायला नको. कागदाचा चौकोनी कोपरा घ्या, तो 90 अंश. एकदा दुमडला की 45, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडावर उभी ठेवून सुरी तिच्यापेक्षा किंचित खाली धरा. किंवा असं बघा: पातं 40 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून एक सेंटिमीटर वर धरली की 15 अंश होतात, आणि साधारण 14 मिलिमीटर वर धरली की 20.

आता घासणं. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर, जिथं दगड लागतो आहे बरोबर त्याच्या वर. पुढं ढकलताना टाचेकडून, म्हणजे मुठीजवळच्या कडेकडून, टोकाकडं जा, म्हणजे एका फेरीत अख्खी धार दगडावरून गेली पाहिजे. टोकाकडं पातं वळतं तिथं मूठ किंचित उचला, नाहीतर टोक बोथटच राहतं. दाब सुरुवातीला किलोभराचा, शेवटी पाव-अर्धा किलोचा. तो कसा लागतो हे समजून घ्यायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दगड ठेवून एकदा दाबून बघा. दगडावर करड्या रंगाचा चिखल जमतो. तो धुऊन टाकू नका, त्यातला सुटा दाणाही काम करतो. फक्त वाळू देऊ नका.

किती वेळा घासायचं? या प्रश्नाला आकडा नाही, आणि इथंच बहुतेक जण चुकतात. एका बाजूला घासत राहायचं ते दुसऱ्या बाजूला 'बर' येईपर्यंत. बर म्हणजे धारेच्या पलीकडं उलटलेली लोखंडाची बारीक किनार. उद्यमबागेत कुठल्याही फिटरला हा शब्द विचारा. ती डोळ्यांना क्वचित दिसते, बोटाला कळते. अंगठा पाठीकडून धारेकडं आणि धारेच्या बाहेर न्यायचा. धारेच्या लांबीनं बोट कधीच फिरवायचं नाही. कडेला काहीतरी अडखळल्यासारखं लागलं की बर आली. कापसाचा बोळा फिरवला तर तोही धागे सोडतो. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडं ती लागली पाहिजे. मध्येच एक इंच नसेल, तर त्या एका इंचात धार अजून झालेली नाही. बर आली याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खरोखर एकमेकींना भेटल्या. तिच्या आधी कितीही घासा, सुरी नुसती पॉलिश होते.

मग सुरी उलटी करा आणि दुसऱ्या बाजूनं तेच. बर आता इकडून तिकडं गेली. त्यानंतर दगडाची बारीक बाजू: पाच फेऱ्या इकडं, पाच तिकडं, मग तीन-तीन, मग एक-एक, दर वेळी दाब कमी करत. शेवटच्या फेऱ्यांत सुरीचं स्वतःचं वजन पुरे.

उरलेली बर चामड्यावर काढायची. आमच्या भागाला हे चामडं शोधत फिरावं लागत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव जिल्हा आहे. अथणी, निपाणीकडं चपला करणाऱ्यांकडं कातड्याचे उरलेले तुकडे सहज मिळतात. जमलं तर तिथं थोडा वेळ बसून बघा. त्यांची रापी दिवसभर जाड कातडं कापते. ते मधूनमधून ती दगडावर आणि मग कातड्यावर ओढतात, बोलता बोलता, न बघता. धारेची इतकी सहज काळजी मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात पाहिली नाही. कातड्याचा तुकडा फळीवर चिकटवा आणि त्यावरून सुरी पाठीच्या दिशेनं ओढा, धार मागं राहिली पाहिजे. दहा-बारा वेळा पुरे. धारेच्या दिशेनं ढकललंत तर कातडं कापलं जाईल.

परीक्षा कोथिंबिरीवर घ्या. कागद बोथटशा सुरीनंही फाटतो. बोथट सुरीनं कोथिंबीर चेचली जाते आणि पाटावर हिरवं पाणी उतरतं. धार असेल तर पाट कोरडा राहतो. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला गेला तर काम झालं.

ग्राइंडर कधी हातात घ्यायचा

सुरीचं टोक मोडलं, पात्याला दोन-तीन मिलिमीटरचा खांडा पडला, कोयता वर्षानुवर्षं घासून धारेमागं फुगीर झाला, कुऱ्हाड दगडावर आपटली: इथं दगडावर घासत बसणं म्हणजे दिवस घालवणं. इथं ग्राइंडर हवाच.

दुसरं खरं काम कडबाकुट्टीच्या पात्यांचं. दुभती जनावरं असलेल्या घरी हे यंत्र असतंच. पाती काढण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढून हातात दिसली पाहिजे. या पात्याला एकाच बाजूनं उतार असतो. उताराचीच बाजू घासायची. सपाट बाजूला ग्राइंडर लावला की पातं खालच्या पट्टीला चिकटून फिरत नाही आणि चारा कापण्याऐवजी दुमडला जातो. सगळी पाती सारखीच घासा. एक जास्त आणि एक कमी केलं तर चाकाचा तोल जातो आणि यंत्र थरथरतं.

चालवण्याची रीत अशी. डोळ्यांवर चष्मा, साधा नव्हे, कडेनंही बंद असलेला. कापडी हातमोजे घालू नका, फिरत्या चाकात ते ओढले जातात. पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्या. पातं टेकवायची आधारपट्टी आणि चाक यांच्यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चालू करताना समोर उभं न राहता बाजूला उभं राहा आणि मिनिटभर चाक मोकळं फिरू द्या. चाकाच्या सपाट अंगावर दाबून घासू नका, ते त्यासाठी केलेलं नसतं. अँगल ग्राइंडरवर लोखंड कापायची पातळ चकती लावून धार लावणारे मी पाहिलेत. ती आडव्या दाबानं फुटते. कोयत्यासाठी फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती, लावा आणि कोयता शिकंज्यात पक्का आवळा. ठिणग्या कुठं पडतात ते आधी बघा. कडब्याची गंजी किंवा उसाचं पाचट जवळ असेल तर तिथं काम करूच नका.

चाकाचा रंगही बघा. साधारण करडं चाक लोखंडाच्या सगळ्या कामांना चालतं. पांढरं चाक धारेच्या पोलादासाठी चांगलं, ते कमी तापवतं. हिरवं कार्बाइडच्या हत्यारांचं, त्यावर सुरी नको. चाक गुळगुळीत चमकायला लागलं की ते कापत नाही, नुसतं तापवतं. ड्रेसर, म्हणजे चाकाचा वरचा थर खरवडायचं हत्यार, फिरवून त्याचा चेहरा ताजा करून घ्या.

शेजारी पाण्याची बादली हवी. पातं चाकाला टेकवा, एका संथ ओढीत टोकापर्यंत न्या, पाण्यात बुडवा. पुन्हा टेकवा, पुन्हा बुडवा. उघडं बोट धारेच्या जवळ पात्यावर ठेवा. बोटाला चटका लागायच्या आत पाणी, हा नियम. कुठंही थांबू नका, थांबलात तिथंच निळं पडतं. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ग्राइंडरवर धार पूर्ण करू नका. कड नखाइतकी जाड असतानाच थांबा आणि उरलेलं दगडावर करा. धार पातळ झाल्यावरच ती जळते. माझे पाचही विळे त्या शेवटच्या दोन ओढींत गेले होते.

गल्लीत सायकलवर चाक घेऊन येणारे धारवाले काका याच मधल्या जागेवर असतात. त्यांचं चाक पायानं फिरतं म्हणून मोटारीइतकं तापत नाही, पण दाणा जाड असतो. त्यांना आदरानं सांगा, "काका, खांडा तेवढा काढा, बाकी राहू दे." मग घरी दगडावर संपवा. दोघांचंही काम नीट होतं.

विळा, विळी आणि कोयता

विळ्याचं पातं वाकडं, म्हणून विळा दगडावर न फिरवता दगड विळ्यावर फिरवायचा. विळा गुडघ्याखाली किंवा खांबाला टेकवून पक्का धरा, धार तुमच्यापासून बाहेर. दगडाचा लहान तुकडा आतल्या वळणानं धारेच्या बाजूनं न्या, बोटं दगडाच्या कडेखाली येऊ देऊ नका. दाते असलेल्या विळ्याला दगड किंवा ग्राइंडर लावायचा नाही. त्याचे दाते झिजले की लोहाराकडून छिन्नीनं पाडून घ्यायचे.

घरची विळी, जिला आमच्याकडं इळी म्हणतात, तिचं पातं पाटातून उपटून घासणं सगळ्यांना जमत नाही. पाय ठेवून पाट पक्का धरा आणि बारीक दगड पाण्यात भिजवून दोन्ही अंगांनी खालून वर न्या. नारळ खवायच्या दातेरी टोकाला हात लावू नका.

उसाच्या कोयत्याला पातळ धार टिकत नाही. प्रत्येक बाजूनं 25 ते 30 अंश ठेवा. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, इतकं ते अवजार पोटाशी बांधलेलं. फडात त्यांच्याकडं कानस असते आणि दिवसातून कितीतरी वेळा ती कोयत्यावर फिरते. कानस फक्त पुढं जाताना कापते, मागं आणताना उचलायची, नाहीतर तिचे दात मरतात. गाडीच्या कमानपाट्यापासून केलेला कोयता कानशीनं छान लागतो. कानस नुसती घसरत असेल आणि कापत नसेल, तर ते लोखंड तिच्यापेक्षा कडक आहे, तिथं दगड घ्या. धार फारच मागं गेली असेल तर लोहाराकडून शेवटून आणा. तो पातं तापवून, ठोकून पातळ करतो आणि पुन्हा पाणी देतो. ते काम दगडाचंही नाही आणि ग्राइंडरचंही नाही.

दगडाची आणि धारेची निगा

दगड मध्ये खोल जातो. महिन्यातून एकदा शहाबादी फरशीच्या तुकड्यावर बारीक वाळू आणि पाणी टाकून त्यावर दगड उलटा घासा. आधी दगडावर पेन्सिलीनं चौकटी ओढून ठेवा. सगळ्या रेघा गेल्या की तो सपाट झाला. ओला दगड उन्हात वाळवू नका, तडा जातो. सावलीत ठेवा.

कणकुंबीकडचा पाऊस सुरू झाला की साध्या पोलादाच्या विळ्याला एका रात्रीत गंज चढतो, आणि गंज सर्वांत आधी धारच खातो. कापणी संपली की विळे धुऊन, चुलीजवळ कोरडे करून त्यांना खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवा, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा आणि आढ्याला लावा. धार भिंतीकडं ठेवा, म्हणजे अंधारात हात घालणाऱ्याला लागणार नाही.